शिकार कोणाच्या बाजूने सांगायची?

माझे आजोबा लहानपणी शिकारीत हाका घालायला वेठीवर जात. डबे बडवून जनावर बंदुकीपुढे आणायचे काम त्यांचे, फोटो बंदूकवाल्याचा. मुंग्यांना साखर घालणाऱ्यांनीही त्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही. म्हणून नुसत्या भूतदयेच्या उपदेशावर माझा विश्वास नाही. परंतु साहित्य क्रौर्याविरुद्ध वेगळ्या रीतीने बोलू शकते.

व्हिएन्नाचा ज्यू लेखक फेलिक्स साल्टेन स्वतः शिकार करीत असे. तरीही १९२३ साली पुस्तकरूपाने आलेली त्याची ‘बाम्बी’ ही कादंबरी हरणांच्या बाजूने शिकार सांगते. त्यातले प्राणी माणसाला नुसते ‘तो’ म्हणतात. बंदूक म्हणजे त्यांना त्याचा तिसरा हात वाटतो. ज्याला शिकारी पराक्रम म्हणतो, तो इथे अकारण येणारा मृत्यू ठरतो.

बाम्बीचा सोबती गोबो माणसाने पाळलेला. गळ्यातल्या पट्ट्याचा त्याला अभिमान आहे. विश्वासाने तो माणसापुढे जातो आणि गोळीला बळी पडतो. जखमी कोल्हा शिकारी कुत्र्याला फितूर म्हणतो, तर कुत्रा धन्याची थोरवी गातो. शेवटी माणसाचे प्रेत पाहून बाम्बीला कळते, ‘तो’ सर्वशक्तिमान नाही.

१९३६ साली नाझींनी या पुस्तकावर बंदी घातली.

हरिण आमचे प्रतीक आहे, असे मी म्हणत नाही. आम्ही माणसे आहोत. पण बळी जाणाऱ्याच्या बाजूने पाहिले, की क्रौर्याला पराक्रमाचे नाव देता येत नाही. आजोबांना हे पुस्तक न वाचताच ठाऊक होते.