टळलेल्या चुकीचीही नोंद

वैद्यकीय चुकीची नोंद म्हणजे औषध, मात्रा किंवा रुग्णाची ओळख यांत झालेली गफलत रुग्णालयाला कळवणे. थोडक्यात टळलेली गफलतही त्यात येते, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या नेमके तेच ध्यानात नसते. डिस्टिल्ड वॉटर समजून पोटॅशियम क्लोराइडची कुपी उचलली, सिस्टरने वेळीच अडवले, की ‘काही झालं नाही ना’ म्हणत विषय मिटतो. कुपी मात्र त्याच ट्रेमध्ये राहते. नोंद करावी हे तत्त्वतः पटते. पण फॉर्म कुणाकडे द्यायचा हे ठाऊक नसते. खरी अडचण भीतीची: राउंडला सर्वांदेखत होणारी खरडपट्टी, लॉगबुकवर अडणारी सही. सीनियर गप्प बसला की ज्युनियरही तेच गिरवतो. खरे तर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांसाठी काढलेल्या रुग्णसुरक्षा अभ्यासक्रमात चुकांतून शिकणे हा स्वतंत्र विषय आहे.