चित्र दान केले, पण हक्क कोणाकडे?

जयपूर : रामनिवास बाग हा जयपूरच्या चित्रकारांचा जुना विषय. सवाई रामसिंह द्वितीय यांनी 1868 मध्ये दुष्काळी काम म्हणून ही बाग उभारली. तिचे चित्र एखाद्या चित्रकाराने सेवाभावी संस्थेला दान केले, तर नेमके काय दिले जाते? कायद्याच्या दृष्टीने तेथे दोन गोष्टी असतात : प्रत्यक्ष चित्र आणि त्याचा स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइट.

चित्र हातात आले म्हणून ते छापण्याचा अधिकार संस्थेला मिळत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशी असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश नमूद नसेल, तर केवळ भारत. एरवी हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो.

हा भेद किरकोळ नाही. मूळ चित्र संस्थेला एकदाच विकता येते, त्याची छापील प्रतिमा मात्र हजारो वेळा. रिप्पन कपूर यांनी 1979 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘क्राय’ने शुभेच्छापत्रांच्या विक्रीतूनच मुलांसाठी मोठा निधी उभा केला. म्हणूनच अनेकदा भिंतीवरच्या चित्रापेक्षा ते छापण्याची परवानगी हेच मोठे दान ठरते, आणि कागदावर तेच राहून जाते.

करसवलतीची अपेक्षाही बहुधा फोल ठरते. प्राप्तिकर कायद्याखाली केवळ पैशाच्या रूपातील देणगीला वजावट आहे. वस्तूरूप दानाला नाही. त्यामुळे लाखाचे चित्र दिले, तरी चित्रकाराच्या विवरणपत्रात त्याची नोंद शून्यच. ते चित्र विकत घेणाऱ्याने दिलेली रक्कमही मुळात खरेदीची किंमत असते, देणगी नव्हे.

चित्रकाराला पुढे एक आधार उरतो. कॉपीराइट कायद्यातील कलम 53 अ नुसार मूळ चित्राची पुनर्विक्री 10 हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीला झाल्यास, त्या किमतीत कमाल 10 टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. व्यवहारात हा वाटा मिळवणे सोपे नाही, कारण चित्र कोणाकडे गेले याचा मागच राहत नाही.

त्यामुळे दानपत्रात चित्राचे नाव, माध्यम व आकार यांबरोबरच ते छापता येईल का, कशावर आणि किती काळ, हेही लिहून घेणे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे.