पुस्तकाने मूल बिघडते का?

शाळेच्या ग्रंथालयातील एखाद्या कादंबरीत स्त्री-पुरुष संबंधांचे वर्णन असते, कुठे बलात्कार, व्यसन किंवा आत्महत्या येते. एखादे पालक तक्रार करतात आणि त्याच दिवशी पुस्तक कुलपात जाते. या निर्णयामागे एक विधान गृहीत धरलेले असते : असले वाचून मुले बिघडतात. वरवर हे नीतीचे विधान वाटते, पण 'अमुक केल्याने तमुक घडते' असे सांगणारे ते कार्यकारणाचेही विधान आहे. म्हणूनच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हाला त्यात रस आहे. असे विधान तपासून पाहता येते.

पुण्यातून निघालेला खटला

न्यायालयासमोर हा प्रश्न पूर्वीच आला आहे, आणि त्याची सुरुवात पुण्यात झाली. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा आली होती. ती अश्लील आहे अशी फिर्याद पुण्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल झाली. तेथे सर्व आरोपी सुटले. उच्च न्यायालयाने मात्र लेखक आणि प्रकाशक यांना दोषी ठरवून प्रत्येकी २५ रुपये दंड केला आणि त्यांच्याजवळील प्रती नष्ट करण्यास सांगितले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला.

त्या निकालातील विचार शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. कथा फार उच्च दर्जाची नसेल, असे न्यायालयाने मान्य केले. पण किशोरवयीन मुलांनी असे प्रसंग वाचले एवढ्यावरून ती बिघडतील, असे खात्रीने म्हणता येत नाही, असे मत त्याने दिले. असे प्रसंग त्यांच्यापुढे आयुष्यातही येऊ शकतात. ते कोणत्या संदर्भात, कोणता बोध घेऊन मांडले आहेत हेही पाहिले पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणजे एक पान किंवा एक परिच्छेद सुटा काढून पुस्तकाचा निवाडा होत नाही.

तपासायचे कसे?

समजा, अशी पुस्तके वाचणारी आणि न वाचणारी मुले आपण शोधली आणि पहिल्या गटात खोडकर मुले जास्त आढळली. तेवढ्याने पुस्तकाचा दोष सिद्ध होत नाही. जी मुले आधीच अस्वस्थ आहेत तीच अशा पुस्तकांकडे वळत असतील. पावसात छत्र्या उघडलेल्या दिसतात म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो असे आपण म्हणत नाही, तसेच हे.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ख्रिस्तोफर फर्ग्युसन या मानसशास्त्रज्ञाने १२ ते १८ वयोगटातील २८२ मुलांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तिकडे ज्या पुस्तकांवर वारंवार बंदीची मागणी होते, त्यांचे वाचन आणि मुलांचे वर्तन यांची त्याने तुलना केली. अशा वाचनाचा गुन्हेगारी वर्तनाशी किंवा परीक्षेतील गुणांशी संबंध दिसला नाही. उलट ही मुले समाजकार्यात काहीशी जास्त भाग घेत होती. मात्र अशी पुस्तके खूप वाचणाऱ्या एका लहान गटात, ज्यात मुख्यतः मुली होत्या, मानसिक त्रासाची लक्षणे अधिक आढळली. त्रास वाचनामुळे झाला की त्रासात असलेल्या मुली आपल्या दुःखाशी जुळणारे पुस्तक शोधत होत्या, हे या अभ्यासावरून ठरत नाही. अभ्यास लहान आहे, परदेशातला आहे. त्यावरून 'काहीही वाचू द्या' असा निष्कर्ष काढणे जितके घाईचे, तितकेच 'बंदी घाला' हा निष्कर्षही घाईचा.

एक शेजारचा पुरावा पाहू. लैंगिक शिक्षणामुळे मुले लवकर शरीरसंबंधाकडे वळतात, ही भीती आपल्याकडे मोठी आहे. महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतील हा कार्यक्रम विरोधामुळे थांबवला गेला. युनेस्कोने अनेक देशांतील अभ्यासांचा आढावा घेऊन २०१८ मध्ये मार्गदर्शिका काढली. अशा शिक्षणाने लैंगिक वर्तन वाढत नाही, असे तिच्यात नोंदवले आहे.

निवड म्हणजे बंदी नव्हे

मग वाटेल ते पुस्तक वाटेल त्या वर्गात द्यावे काय? मुळीच नाही. येथे तीन निर्णय वेगळे केले पाहिजेत. पहिला, सर्वांना सक्तीने काय वाचायला लावायचे. येथे सर्वांत जास्त काळजी हवी, कारण मुलाला नकार देता येत नाही. सहावीतले मूल आणि अकरावीतले मूल यांच्या समजेत मोठे अंतर असते. दुसरा, ग्रंथालयात काय ठेवायचे. येथे इयत्तेप्रमाणे कपाटे वेगळी ठेवता येतात. तिसरा, मुलाने स्वतःहून दप्तरात काय आणले. येथे जप्तीपेक्षा 'यात तुला काय आवडले?' हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

या तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व एका कायद्यावरून कळेल. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा १८ वर्षांखालील सर्वांना लागू आहे, आणि असा अपराध कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पण शिक्षकांना तो कळणार कसा? जिच्यावर घरातच अत्याचार होतो आहे अशा मुलीकडे अनेकदा त्यासाठी शब्दच नसतात. एखाद्या कादंबरीत तिला ते सापडू शकतात. ज्या बाईंनी काल वर्गासमोर तीच कादंबरी हिसकावून घेतली, त्यांच्याकडे ती आज काही सांगायला जाईल काय?

शाळेला एक साधी पद्धत ठरवता येईल. तक्रार लेखी आणि पानांच्या उल्लेखासह घ्यावी. दोन शिक्षक, ग्रंथपाल आणि एक पालक यांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे. तोवर ते जागेवरच राहावे. नंतर तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत : कोणत्या वयाच्या मुलाला, नेमके कोणते नुकसान होईल, आणि तसे मानण्यास आधार काय? उत्तर सापडले तर पुस्तक वरच्या इयत्तेच्या कपाटात न्यावे आणि त्याचे कारण दप्तरी नोंदवावे. उत्तर न सापडल्यास पुस्तक आहे तेथेच ठेवावे आणि तक्रार करणाऱ्या पालकांना बोलावून त्यांच्याशी सविस्तर बोलावे.