सहा मुली, सहा नंबरचा चेंडू

पुण्यात दगडूशेठ गणपतीला हात जोडून मागे वळलात की समोर भिडेवाड्याची जागा. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली इथं मुलींची शाळा काढली. पहिल्या पटावर सहा मुली होत्या असं सांगतात. बास्केटबॉलच्या हिशेबात पाच मैदानात, एक बाकावर. संघ तयार! अडचण एवढीच की तो खेळ जन्माला यायला अजून ४३ वर्षं होती.

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या मास्तरांनी पीच ठेवायच्या दोन टोपल्या टांगल्या. टोपल्यांना बूड होतं. म्हणजे बास्केट झाली की चेंडू काढायला कुणीतरी वर चढायचं! रिंगची उंची तेव्हा दहा फूट, आजही दहाच.

पोरींनी फार वाट पाहिली नाही. १८९३ मध्ये स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन बाईंनी मुलींचा सामना लावला. दारं बंद, पुरुषांना मज्जाव. बाईंनी चेंडू उडवला तो थेट एका खेळाडूच्या वर गेलेल्या हातावर, आणि तिचा खांदाच निखळला. बाईंचे नियम मात्र भलतेच सोज्वळ होते. मैदानाचे तीन भाग, आपला भाग सोडायचा नाही आणि दुसरीच्या हातून चेंडू हिसकावायचा नाही. (सणाच्या आठवड्यात तुळशीबागेत हा नियम लावून बघा.)

कॉलेज विरुद्ध कॉलेज असा मुलींचा पहिला सामना ४ एप्रिल १८९६ चा. स्टॅनफर्डनं बर्कलीच्या मुलींना हरवलं, २-१ नं! पुरुषांना इथंही बंदी. ते खिडक्यांतून डोकावायला लागले, तेव्हा आतल्या बायका काठ्या घेऊन पहाऱ्याला उभ्या राहिल्या. त्या अख्ख्या सामन्याचे मिळून तीन गुण. आजची मुलगी ६.७५ मीटरवरून एका फेकीत तेवढे घेते.

कॉलेजांच्या अशा सामन्यांसाठी अमेरिकेत ज्याला कॉन्फरन्स म्हणतात, ते साधारण आपल्याकडे झोन. आधी कॉलेज खेळायचं, मग पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर, नाशिक अशा विभागांची आपसात झुंज. त्यातून पुणे विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो वेस्ट झोनला जातो. तिथं महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथल्या विद्यापीठांची गर्दी. पहिल्या चारात आलात तर ऑल इंडिया. एवढी सगळी चढण आपल्या बोलीत दोन शब्दांत मावते, "ती युनिव्हर्सिटी खेळलीय." हे वाक्य बोलणाऱ्या आईचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मुलींचा चेंडू सहा नंबरचा, घेर साडेअठ्ठावीस इंच. मुलांचा सात नंबरचा, एक इंचानं मोठा. अमेरिकी कॉलेजांनी हा छोटा चेंडू १९८४ च्या हंगामात घेतला, आंतरराष्ट्रीय सामन्यांत तो यायला २००४ उजाडलं.

बास्केटबॉलपटू शिरीन लिमये पुण्याचीच, पुढे भारताची कर्णधार. २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया कपच्या 'ब' गटात भारतीय मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघात ती होती. दोन गुणांचा फरक, म्हणजे एकच बास्केट!

भिडेवाड्याच्या बुधवार पेठेत मात्र कोर्ट बसवायचं मनात आणू नका. त्याला २८ बाय १५ मीटर मोकळी जागा लागते आणि इथं स्कूटर लावायलाही नशीब लागतं. पण पेठेची खूण जर्सीवर आहेच. २०१४ पासून पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. लोक शेण-चिखल फेकायचे म्हणून शाळेत जाताना त्या जादा लुगडं न्यायच्या. त्यांच्या नावाच्या संघातल्या मुलींच्या किटबॅगमध्ये जादा जर्सी असते, ती फक्त घामासाठी.

यंदा आंतरमहाविद्यालयीन सामने लागले की एखादा बघून या. पुरुषांनाही आत सोडतात.