'पार्टनर' म्हणवला जाणारा कामगार : ॲपवरचे काम आणि आपले जुने कायदे

गेल्या मे महिन्यात चंद्रपुरात डिलिव्हरीचे काम करणाऱ्या एका मुलाची दुचाकी बंगाली कॅम्प चौकाजवळ घसरली. पायाचे हाड मोडले. मूल तालुक्यातला, बी.ए. झालेला, आमच्या वस्तीतल्या विहारात नेहमी येणारा हा मुलगा. त्याचे कागद घेऊन बसलो तेव्हा कळले की ज्या ॲपसाठी तो रोज दहा-अकरा तास पळत होता, त्याच्या करारात 'कामगार' हा शब्दच नाही. तो 'पार्टनर' होता. विम्याचा अर्ज केला तर उत्तर आले, ऑर्डर पोचवून झाल्यावर अपघात झाला, म्हणजे त्या वेळी तो कामावर नव्हता. पुढच्या ऑर्डरची वाट पाहत उन्हात उभे राहणे हे काम नव्हे, असा त्याचा अर्थ.

त्याची आई दर उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाते. सगळे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आमच्या पुड्यावानीच झालं हे."

बाईने समाजशास्त्राचा एक अख्खा धडा एका वाक्यात सांगितला. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक मानक गोणी. पैसे पुड्यावर मिळतात, तासावर नाही. पहाटे जंगलात शिरण्याचा धोका तोडणाऱ्याचा. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. अशा मृत्यूसाठी वनविभाग वारसांना २५ लाख रुपये देतो, पण तो सरकारी पैसा आहे. पानांवर धंदा करणाऱ्याच्या खिशातून तो जात नाही. गडचिरोलीत मात्र एक गोष्ट बदलली आहे. पेसा आणि वनहक्क कायद्याच्या आधारे अनेक ग्रामसभा स्वतः पानांचा लिलाव करतात, त्यामुळे भावाच्या बोलणीत तोडणाऱ्यांच्या गावाला जागा मिळाली.

हेच पान पुढे विडी कारखानदाराकडे जाते. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायांबद्दल कारखानदारांचे म्हणणे काय होते? या आमच्या कामगार नाहीत, ठेकेदाराकडून माल नेतात, आपल्या सवडीने वळतात. 'पार्टनर'ची भाषा नवी नाही, मित्रांनो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार धरले. मालक न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला.

त्याहून जवळचे उदाहरण माथाडींचे. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. मग त्याचा मालक कोण आणि भविष्य निर्वाह निधी कोणी भरायचा? महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात हा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला. मालक आणि हमाल दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करायची. मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर लेव्हीही द्यायची. त्या लेव्हीतून निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. हक्क मालकाला नव्हे, कामाला चिकटवला. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारेही निघाले, हे मान्य केले पाहिजे; पण त्यामुळे मूळ रचना खोटी ठरत नाही. एकाच दिवशी तीन ॲपवर काम करणाऱ्या पोरालाही ती नेमकी लागू पडते, कारण ॲपमध्ये प्रत्येक व्यवहाराची नोंद आधीच असते. असे असूनही गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा राजस्थानने केला, २०२३ मध्ये. कर्नाटकाने २०२५ मध्ये. माथाडी कायद्याचे राज्य मागे राहिले.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, पण अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिच्यात 'गिग' आणि 'प्लॅटफॉर्म' कामगार हे शब्द कायद्यात आले. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यायची, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही. त्यातून अपघात विमा, आरोग्य, प्रसूती, म्हातारपण यांच्या योजना करायच्या. मेख व्याख्येत आहे. हे लोक मालक-कामगार नात्याच्या बाहेरचे आहेत, असे संहिताच म्हणते. म्हणजे कल्याण निधी मिळेल, पण किमान वेतन, कामाचे तास, ओव्हरटाइम यांवर दावा सांगता येणार नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा आठ तासांचा दिवस कायद्यात आणण्याचे काम झाले. आपल्या पोरांना निधी देऊन तो दिवस काढून घेतला जात असेल, तर तो सौदा महागाचा आहे.

तरी नोंदणी सोडू नका. ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नाव नोंदवता येते. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल जवळ हवा. नोंद नसेल तर निधी आला तरी आपल्यापर्यंत पोचणार नाही. रोज लॉगिन आणि लॉगआउटच्या वेळेचे, कमाईच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. आयडी बंद झाला की ॲपमधला सगळा हिशेबही जातो. आमच्या त्या मुलाकडे नेमके हेच नव्हते.

ऑक्टोबरमध्ये चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १५-१६ तारखेला आपण सगळे जमतोच. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल ई-श्रम नोंदणीचे लावायचे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. लॅपटॉप आहेत, बसायला माणसे कमी आहेत.