दप्तर नव्या घरी नेताना

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द आता आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कोणाला परके राहिलेले नाहीत. रेशन दुकानात अंगठा घेणारे यंत्र अडले की दुकानदार हेच सांगतो. सातबारा काढायला गेलेल्या शेतकऱ्याला ते ऐकावे लागतात. विद्यार्थ्यांची माहिती भरायला बसलेल्या गुरुजींना तर ते पाठच झाले आहेत. पण हा सर्व्हर म्हणजे आहे तरी कोण, तो जुना का होतो, आणि जुना झाल्यावर त्याचा कारभार नव्याकडे कसा सोपवायचा, ह्याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो आज करू. कारण त्या सर्व्हरात दुसरे तिसरे काही नसून आपलीच नावे, आपल्याच जमिनी आणि आपलेच पैसे नोंदलेले असतात.

सर्व्हर म्हणजे सेवा देणारा संगणक. समजा, शहाद्याकडच्या एखाद्या पतसंस्थेत चार टेबलांवर चार संगणक आहेत. चौघे कारकून चार ठिकाणी बसून लिहितात, पण खतावणी एकच असली पाहिजे. ती ज्या संगणकात असते तो सर्व्हर. बाकीचे त्याच्याकडे मागणी करतात आणि तो उत्तर देतो. हा सर्व्हर शेजारच्या खोलीत असेल, नाहीतर शेकडो मैलांवर असेल. आपल्याच शहादे तालुक्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. तेथील माणूस आज अंगठा लावतो, तेव्हा तो जुळतो की नाही हे ठरते बंगळूर किंवा हरियाणातील मानेसर येथील केंद्रांत. इतके लांबचे हे दप्तर आहे.

आता यंत्र नुसते असून भागत नाही, त्याला कारभारी लागतो. कोणाला आत घ्यायचे, कोणती फाईल कोणाला दाखवायची, छपाई कोठे करायची, हे सर्व पाहणारी आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. मराठीत तिला कार्यप्रणाली म्हणतात. हिशेबाचा प्रोग्राम हा कारकून मानला, तर कार्यप्रणाली हा त्याच्यावरचा कारभारी.

हा कारभारी म्हातारा का होतो? लोखंड गंजते तसा तो झिजत नाही. होते असे की, त्याच्या कामातील उणिवा वर्षानुवर्षे सापडत राहतात आणि त्याला तयार करणारी कंपनी त्यांवर दुरुस्त्या पाठवीत असते. ह्या दुरुस्त्यांना एक मुदत असते. विंडोज सर्व्हर २००३ ची मुदत १४ जुलै २०१५ रोजी संपली, २००८ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि २०१२ ची १० ऑक्टोबर २०२३ रोजी. फुकट मिळणाऱ्या लिनक्समध्येही हे चुकत नाही. अनेक संस्थांत चालणाऱ्या सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखेच सुरू होते, आणि खरा धोका इथेच आहे. कुलूप जागेवर दिसते, पण त्याची किल्ली चोरांच्या हाती गेलेली असते आणि ते बदलून देणारा आता येणार नसतो.

ह्याचा अनुभव जगाने १२ मे २०१७ रोजी घेतला. त्या दिवशी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला. फायली कुलूपबंद करायच्या आणि सोडविण्यासाठी पैसे मागायचे, हा त्याचा धंदा. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या उणिवेतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिली होती. मुदत संपलेल्या जुन्या प्रणालींना ती मिळाली नव्हती हे खरे. पण सर्वांत जास्त बळी पडले ते मुदत चालू असलेले आणि तरीही दुरुस्ती न केलेले संगणक. म्हणजे नवी प्रणाली आणून ठेवली की काम संपले, असे नाही. तिची निगाही राखावी लागते.

बरं, मग बदलायचे ठरले. दोन मार्ग आहेत. एक, त्याच यंत्रावर जुन्या प्रणालीच्या जागी नवी चढवायची. दोन, शेजारी नवे यंत्र मांडून त्यावर नवी प्रणाली घालायची आणि दप्तर तिकडे न्यायचे. पहिला मार्ग स्वस्त वाटतो, पण मध्येच काही अडले तर जुने गेलेले आणि नवे आलेले नाही अशी अवस्था होते. शिवाय तो नेहमी मोकळाही नसतो. विंडोज सर्व्हर २००८ च्या ‘आर-टू’ आवृत्तीपासून ही प्रणाली फक्त ६४ बिटांच्या यंत्रासाठीच निघते. तेव्हा ३२ बिटांच्या जुन्या प्रणालीवर तिला चढविता येत नाही. ती नव्यानेच मांडावी लागते. म्हणून शक्य असेल तेथे दुसरा मार्ग बरा.

ह्या दुसऱ्या मार्गाची रीत आपल्या ओळखीची आहे. तलाठीआप्पांची बदली झाली की काय होते? जुने आणि नवे दोघे एकत्र बसतात, दप्तराची यादी करतात, एकेक रजिस्टर ताब्यात देतात, आणि मग चार्ज दिल्याघेतल्याच्या सह्या होतात. सर्व्हरचेही तसेच. मोठ्या कार्यालयांत कोण कर्मचारी, त्याचा पासवर्ड कोणता, त्याला अधिकार कोणते, ह्याची नावनिशी एका सर्व्हरात असते. तेथे नवा सर्व्हर आधी जुन्याचा जोडीदार म्हणून उभा करतात. नावनिशीची नक्कल त्याच्याकडे आपोआप उतरते. विंडोजमध्ये अशा सर्व्हरकडे पाच खास जबाबदाऱ्या असतात. त्या पाचही नव्याकडे गेल्याची खात्री करायची, आणि मगच जुन्याला निवृत्त करायचे. घाईने जुन्याचे बटण आधी बंद केले, तर सकाळी एकाही कर्मचाऱ्याला आत शिरता येत नाही.

पण चार्ज देण्याआधी एक काम आहे, आणि ते टाळून चालणार नाही. ते म्हणजे दप्तराची सुटी प्रत. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, असा जाणत्यांचा नियम आहे. ‘पण दोन सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवतात, मग वेगळी प्रत कशाला?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मर्स्क ह्या जहाज कंपनीने फार महाग शिकून दिले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम तिच्या जाळ्यात शिरला. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात ह्या कंपनीच्या गटाकडे असलेल्या धक्क्याचे कामही थांबले आणि कंटेनर अडकून पडले. कंपनीचे नावनिशी ठेवणारे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची नक्कल ठेवीत. पण जे एकमेकांना जोडलेले असते ते एकदमच पुसले जाते! वाचला तो फक्त घाना देशातील एक, कारण त्या वेळी तेथली वीज गेलेली होती. त्या एका नकलेवरून पुढचे सर्व उभे राहिले. दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने बसविले गेले. वीज जाण्याचा असा उपयोग आपण तरी कधी ऐकला होता काय? पण दैवावर विसंबू नये. प्रत काढायची, ती यंत्रापासून तोडून ठेवायची, आणि ती परत उघडते का हे एकदा दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहायचे. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न दळून पाहिलेले धान्य. पोत्यात किडे किती, हे दळतानाच कळते.

आता सर्वांत नाजूक भाग. तो आहे आपल्या मराठी अक्षरांचा. पूर्वीच्या पुष्कळ मराठी फाँटांत आतले संकेत इंग्रजी अक्षरांचेच असत आणि वर मराठी अक्षराचा मुखवटा असे. तो फाँट नव्या यंत्रावर नसला की पाडवी, वळवी, वसावे ह्यांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. म्हणून जुन्या नोंदी युनिकोड ह्या जागतिक संकेतात बदलून घ्याव्या लागतात, आणि त्या बदलात जोडाक्षरे, रफार, ‘ऱ्या’सारखी अक्षरे मोडतात. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. त्यापूर्वी ते ‘अ’वर चंद्र ठेवून लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राला ती दोन वेगळी नावे वाटतात, आणि शोधले तर खातेदार सापडत नाही. ‘वळवी’चा ‘वलवी’ झाला तर वारसाची नोंद अडते, कर्ज अडते. चूक एका अक्षराची असते. हेलपाटे मात्र अक्कलकुव्यापर्यंत घालावे लागतात.

म्हणून कार्यप्रणाली बदलण्यातले खरे काम यंत्राचे नाही, ते ताळा पाहण्याचे आहे. राज्यातला सातबारा संगणकावर आला, तेव्हा हेच करावे लागले. महसूल खात्याने २०१७ साली चावडी वाचनाची मोहीम घेतली. संगणकातला सातबारा गावकऱ्यांसमोर वाचायचा, मूळ हस्तलिखिताशी ताडायचा आणि चुका टिपायच्या. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तो अशा पडताळणीच्या पायावर. पतसंस्थेत वा शाळेतही हीच वाट आहे. जुन्या सर्व्हरवर शेवटची नोंद झाली की खात्यांची संख्या मोजा, तेरीज काढा. नव्यावर पुन्हा मोजा, पुन्हा काढा. पैसा न् पैसा जुळला पाहिजे. मग पन्नास-शंभर नावे मोठ्याने वाचून घ्या, आणि त्यांत जोडाक्षरांची नावे मुद्दाम निवडा.

दिवसही पाहून घ्यावा. ३१ मार्चचा आठवडा नको, खरिपाच्या पीककर्जाची गर्दी नको, शाळेत प्रवेशाचे किंवा परीक्षेचे दिवस नकोत. आधी एकदा रंगीत तालीम करावी. तालमीत लहान लहान अडचणी उघड्या पडतात. जुने झेरॉक्स यंत्र कागद स्कॅन करून सर्व्हरला पाठवीत असेल, तर ते नव्याशी बोलेनासे होईल. कारण वॉनाक्राय ज्या जुन्या बोलीतून शिरला, ती बोली नव्या प्रणाली सहसा बंदच ठेवतात. ‘तेवढी चालू करून द्या हो,’ असा आग्रह कोणी धरील. तो मानू नये. झेरॉक्ससाठी दुसरी सोय पाहावी. आणि जुना सर्व्हर लगेच भंगारात घालू नये. वायर काढून, कुलपात, निदान एक हिशेबतपासणी होईपर्यंत ठेवावा. नंतर त्याची डिस्क नीट पुसून किंवा फोडूनच बाहेर द्यावी, कारण तीत आपल्या सभासदांची माहिती असते.

‘हे सगळे तंत्रज्ञांचे काम, आम्ही त्यात काय करणार?’ असे म्हणाल. यंत्र तंत्रज्ञच जोडील. पण प्रश्न विचारणे हा सभासदाचा आणि शिक्षकाचा हक्क आहे. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत किंवा शाळा समितीत चार गोष्टी विचाराव्यात. आपल्या सर्व्हरच्या प्रणालीची मुदत केव्हा संपते? दप्तराची सुटी प्रत कोठे आहे? ती शेवटची उघडून केव्हा पाहिली? आणि प्रणाली बदलल्यावर नावे कोणी वाचून घेतली? गुरुजींनी तर ह्यात पुढे व्हावे. वरच्या वर्गातली मुले हाताशी घेऊन शाळेच्या हजेरीपटातली नावे संगणकाशी ताडून पाहावीत. मुलांना अक्षर कळेल, संगणक कळेल, आणि कोणाचे नाव चुकले असेल तर ते दहावीच्या प्रमाणपत्रावर जाण्याआधी दुरुस्तही होईल.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. कचेऱ्या बदलल्या, पाट्या बदलल्या; पण कोणाचे शेत कोणाचे, हे बदलून चालणार नव्हते. सर्व्हरचा कारभारी बदलतानाही एवढेच सांभाळायचे असते.