बीज आधी की वृक्ष आधी?

आपल्या दर्शनांत 'बीजांकुरन्याय' सांगितला आहे. बीजातून अंकुर, अंकुराचं झाड, झाडाला पुन्हा बीज. यात पहिलं कोण ते सांगता येत नाही, म्हणून ही परंपरा अनादी मानायची. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी कर्म आणि संसार यांच्यासाठी हाच दृष्टांत दिला आहे. आज आपण एवढंच पाहू, की वनस्पतिशास्त्र या दृष्टांताकडे कसं बघतं.

त्याचं उत्तर सरळ आहे: झाड आधी. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर आर्किओप्टेरिस नावाचे वृक्ष होते. लाकूड देवदार-पाइनसारखं, पानं मात्र नेच्यासारखी. पूर्वी अभ्यासक या दोन वेगळ्या वनस्पती समजत. १९६० साली चार्ल्स बेक या अमेरिकी शास्त्रज्ञाने लाकूड आणि पानं एकाच जीवाश्मात जोडलेली दाखवून दिली. म्हणजे हा चांगला मोठा वृक्ष होता, आणि त्याला बीज नव्हतंच! त्याची पुढची पिढी सूक्ष्म बीजाणूंपासून होत असे.

आता बीजाणू आणि बीज यांत फरक काय? नेच्याचा बीजाणू ओल्या जमिनीवर पडतो, त्यातून एक चिमुकली वनस्पती उगवते आणि तिच्यावर नर पेशी पाण्यातून पोहत स्त्री पेशीकडे जाते. पाणी नाही, तर पुढची पिढी नाही. काही वनस्पतींत बीजाणू दोन आकारांचे झाले. पुढे मोठा बीजाणू आईच्या अंगावरच राहू लागला, त्याभोवती आवरण आलं. लहान बीजाणू परागकण होऊन वाऱ्यावर निघाला. आईने बाळाला शिदोरी बांधून, कपडे घालून मगच घराबाहेर पाठवायचं, असा हा प्रकार. नारळात आपण जे खोबरं खातो, ती ती शिदोरीच. बाळ बसलेलं असतं एका डोळ्याखाली.

पण हे एका दिवसात घडलं नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात सापडलेलं एल्किन्सिया हे सर्वांत जुन्या ज्ञात बीजधारी वनस्पतींपैकी एक. त्याच्या बीजावरचं आवरण पूर्ण मिटलेलं नाही. वरच्या बाजूला ते बोटांसारखं सुटं आहे. जुन्या सवयीही लगेच सुटल्या नाहीत. गिंको आणि सायकस बीजधारी खरे, पण त्यांच्या नर पेशी आजही शेवटचं थोडं अंतर पोहूनच जातात. हे १८९६ साली जपानमध्ये हिरासे आणि इकेनो यांनी पाहिलं.

मग 'पहिलं बीज' कोणतं? तसं बोट ठेवता येत नाही. पण एक लक्षात घ्या. बालपण संपून तारुण्य नेमकं कोणत्या दिवशी आलं, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माणूस जन्मापासून तरुण होता, असं आपण म्हणतो का? पहिला क्षण दाखवता न येणं वेगळं आणि आरंभच नसणं वेगळं. बीजांकुरन्यायात या दोन गोष्टी एक झाल्या आहेत.

यावरून संसाराला आरंभ आहे असं सिद्ध होत नाही, ही घाई करू नका. इतकंच ठरतं, की तो अनादी आहे असं म्हणणाऱ्याला आता बीजाचा आधार घेता येणार नाही; वेगळं प्रमाण द्यावं लागेल.